ओढ्याच्या तोंडाशी तरंगता अडसर: पुण्यातलं प्लास्टिक नदीआधी धरण्याचं एक प्रकरण

पुण्यातला एक ओढा, आणि मुठेला मिळण्याआधीचा त्याचा शेवटचा दीडशे मीटरचा टप्पा. दोन्ही काठांना दगडी संरक्षक भिंती, भिंतींमधलं अंतर १० मीटर. जानेवारीत मधोमध ९० सेंटिमीटर पाणी आणि त्याखाली गुडघाभर काळा गाळ. वरच्या अंगाला एक मोरी. डाव्या काठाला पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या आणि पायऱ्यांच्या डोक्याशी टेम्पो लागेल एवढी जागा. हा ओढा नकाशात शोधायला जाऊ नये. शहरातल्या ओढ्यांची नेहमीची मापं एकत्र करून हे प्रकरण रचलं आहे, म्हणजे यातलं गणित आपापल्या ओढ्याला लावून बघता येईल. काम एकच आहे: तरंगत येणारं प्लास्टिक नदीत पडायच्या आत धरायचं आणि रोजच्या रोज उचलायचं. त्यासाठी पाण्यावर तिरकी टाकलेली तरंगती पट्टी, तिला इथे अडसर म्हटलं आहे.

समुद्र इथून किती लांब

मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. पुढे उजनीचा फुगवटा, पंढरपूर, मग कर्नाटकात कृष्णा. कृष्णेवर श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, आणि अखेर आंध्रात हंसलदीवीला बंगालचा उपसागर. एवढ्या वाटेवर पुण्यात पडलेली प्रत्येक बाटली समुद्राला पोचते असं म्हणणं चूक ठरेल. जगभरातल्या नद्यांचा हिशेब मांडणारा २०२१ चा अभ्यास सांगतो की नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के भार हजाराहून जास्त नद्यांचा आहे, आणि त्यांत किनाऱ्यालगतच्या शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. लांबच्या, धरणं बांधलेल्या नदीत बराचसा माल काठाच्या झुडपांत, बंधाऱ्यांमागे आणि गाळात अडकतो.

अडकतो म्हणजे संपतो असं मात्र नाही. उन्हात पिशवी कडक होते, चुरते. पुढच्या पुरात हलते, पुन्हा अडकते, आणखी बारीक होते. ५ मिलिमीटरपेक्षा लहान झालेला कण धरणाच्या दारांतून, कालव्यांतून सहज पुढे जातो आणि तो धरणारा अडसर कुणाकडेच नाही. शिवाय पाण्यात बराच काळ राहून शेवाळ चढलेल्या प्लास्टिकला खाण्यासारखा वास येतो आणि समुद्री कासवं त्या वासाला प्रतिसाद देतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे प्लास्टिक जितकं फिरून समुद्राला पोचेल तितकं ते धरायला अवघड आणि खाणाऱ्याला फसवं. कृष्णेच्या मुखाजवळच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तीच जात आपल्या वेळासला आणि आंजर्ल्याला येते, आणि पिल्लं पाण्याकडे जाताना बघायला उन्हाळ्याच्या तोंडाशी पुण्याहून गाड्या भरभरून लोक जातात. त्यातल्या कितीजणांच्या घरामागून असा ओढा वाहत असेल, हा विचार वेळासच्या वाळूत फारसा कुणाला येत नाही.

ओढ्यात बाटली अजून आख्खी असते, काठावरून हाताला येते आणि ती कुठून आली याचा माग काढता येतो. जागा ओढाच का, याचं उत्तर एवढंच आहे.

वेग आणि कोन

सगळं गणित पाण्याच्या वेगावर उभं आहे. तो मोजायला यंत्र लागत नाही. भिंतीवर २० मीटर अंतरानं दोन खुणा करायच्या, अर्धी भरून झाकण लावलेली बाटली सोडायची आणि घड्याळ लावायचं. रिकामी बाटली वापरू नये, ती वाऱ्यानं ढकलली जाते. पाच वेळा मोजून सरासरी घ्यावी. आपल्या ओढ्यात जानेवारीत २० मीटरला ८० सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला पाव मीटर. मध्यम पावसानंतर तेच अंतर २५ सेकंदांत जातं, म्हणजे ०.८ मीटर.

तेलगळती अडवणाऱ्या तरंगत्या पट्ट्यांच्या अनुभवातून एक मर्यादा ठरलेली आहे: पट्टीवर काटकोनात येणारा वेग सेकंदाला साधारण ०.३५ मीटरच्या वर गेला की अडलेला माल पट्टीखालून निसटतो. ओढ्यात सरळ आडवा अडसर टाकला तर जानेवारीत छान चालतो, फोटोही चांगले येतात, आणि पहिल्या पावसात सगळं खालून निघून जातं. म्हणून तो तिरका. प्रवाहाशी २५ अंशांचा कोन केला तर ०.८ मीटर वेगाचा काटकोनातला भाग ०.३४ उरतो, आणि कचरा पट्टीला घासत घासत खालच्या टोकाकडे, डाव्या काठाच्या पायऱ्यांकडे सरकतो. १० मीटर रुंदीला २५ अंशांत सरळ रेषेतली लांबी २३.७ मीटर येते. अडसर २४ मीटरचा घ्यायचा.

इथे हमखास एक चूक होते. 'थोडी ढील असू दे' म्हणून कुणीतरी २५ मीटर करतं. मीटरभर जादा लांबीनं अडसराला असा पोटाचा फुगवटा येतो की खालच्या टोकाशी त्याचा प्रवाहाशी कोन पन्नास अंशांच्याही पुढे जातो, आणि ऐन गोळा करायच्या जागी माल पट्टीखाली डुबकी मारतो. २४ मीटरलाही शेवटच्या दोन तुकड्यांत कोन चाळिशीकडे झुकतोच. म्हणून गोळा करायचा कप्पा तिथूनच सुरू करायचा.

अडसराचे भाग

तरंगण्यासाठी १६० मिलिमीटर व्यासाचा एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप, २ मीटरचे १२ तुकडे, प्रत्येकाची दोन्ही तोंडं टोप्या वितळवून बंद केलेली. आख्खा २४ मीटर पाइप एकसंध ठेवला तर एका भोकानं सगळा बुडतो. तुकड्यांत एक गेला तर बाकीचे अकरा तगून राहतात. अशा पाइपाला मीटरमागे सुमारे २० किलो उचल मिळते. त्यात पाइपाचं स्वतःचं वजन, खाली लोंबणारी पट्टी आणि तिची साखळी धरून ६ किलोंच्या आसपास खर्ची पडतात, त्यामुळे पाइपाचा बराचसा भाग पाण्याच्या वर राहतो आणि बाटल्या उडी मारून पलीकडे जात नाहीत. पाइपात थर्माकोल भरू नये. टोपी फुटली की आपणच ओढ्यात दाणे सोडायला लागतो. जाळीत रिकाम्या बाटल्या भरून केलेले अडसर स्वस्त पडतात, शाळांच्या उपक्रमांत शोभतातही. पण उन्हात बाटल्या ठिसूळ होतात आणि एखाद्या पुरात तो आख्खा गठ्ठा नदीत जातो.

पाइपाखाली लोंबणारी पट्टी ३० सेंटिमीटर, म्हणजे पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश. यापेक्षा खोल नेली तर खालच्या चिंचोळ्या वाटेतून पाणी जोरात निघतं आणि तळाचा गाळ उकरतं. बरेच जण इथे जाळी लावतात, पाण्याला वाट राहील म्हणून. सांडपाण्याच्या ओढ्यात जाळी आठवडाभरात केस, चिंध्या आणि शेवाळानं बुजते आणि मग तिच्यावर भरीव पट्टीएवढाच जोर येतो, जो हिशेबात धरलेला नसतो. त्यापेक्षा भंगार बाजारातून जुन्या कन्व्हेअर बेल्टची पट्टी आणावी आणि पहिल्यापासून भरीव धरूनच गणित करावं. पट्टी सलग हवी. जोडाला २० सेंटिमीटर एकावर एक चढवून रुंद वॉशरचे स्टेनलेस बोल्ट मारावेत. साधे जस्ताचे बोल्ट सांडपाण्याच्या वायूनं गंजतात. पट्टीच्या खालच्या कडेला ८ मिलिमीटरची साखळी, ती पट्टी उभी धरते.

दोन टोकांना दोन खांब. अडसर पाण्याबरोबर वर-खाली झाला पाहिजे, म्हणून उभ्या पाइपावर सरकणारी कडी. कडी ऐसपैस हवी. खांब ७५ मिलिमीटरचा असेल तर कडीचा आतला व्यास १५० ठेवावा, कारण चिंध्या अडकून कडी जाम झाली की पाणी चढतं आणि अडसर खालीच बुडून राहतो. खांब जुन्या दगडी भिंतीत बोल्ट मारून बसवू नये, दगड सुटतात. त्याचा पाय भिंतीच्या पायथ्याशी स्वतंत्र काँक्रीटमध्ये आणि डोकं भिंतीमागच्या दुसऱ्या ठोकळ्याला बांधलेलं असावं. हे सगळं निळ्या पूररेषेच्या, म्हणजे जिच्या आत बांधकामाला मनाई असते त्या रेषेच्या आत येतं. महापालिका आणि पाटबंधारे खात्याच्या लेखी परवानगीशिवाय खड्डाही खणू नये.

तुटायची जागा आधीच ठरवायची

भरीव पट्टी, १० मीटर रुंदी, ३० सेंटिमीटर खोली, म्हणजे प्रवाहासमोर ३ चौरस मीटर. आडव्या पट्टीवर येणाऱ्या पाण्याच्या रेट्याचा गुणक १.२ धरला तर ०.८ मीटर वेगाला एकूण जोर साधारण ११५ किलो येतो. तिरक्या अडसरावर तो याहून कमी पडतो, पण हिशेब वरचाच धरावा. टोकाच्या दोरावर दीडशे किलो धरून चालावं, कचऱ्याचा थर साचला तर त्याच्या दुप्पट. आता पूर घ्या. वेग २.५ मीटर झाला, म्हणजे तिपटीहून थोडा जास्त. जोर मात्र वर्गानं वाढतो, म्हणजे जवळपास दहापट. ११५ चे ११५० होतात आणि टोकाला दीड टनाच्या घरात ताण येतो.

अशा वेळी अडसर टिकून राहणं हीच आपत्ती. तो टिकला तर त्याच्यामागे जलपर्णी, फांद्या, गाद्या साचून ओढ्यात बांध तयार होतो आणि पाणी वरच्या वस्तीत शिरतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्यानं वस्त्यांत शिरून काय केलं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून वरच्या टोकाला, उजव्या काठावर, मुद्दाम कमजोर दुवा ठेवायचा: ४०० किलोंच्या आसपास तुटेल असा नायलॉनचा दोर. दुवा वरच्याच टोकाला हवा, कारण तो तुटला की अडसर खालच्या खांबाभोवती फिरून डाव्या काठाला प्रवाहाच्या रेषेत लागून राहतो आणि पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवरून हाताला येतो. उलटं केलं तर तो पलीकडच्या काठाला जातो, जिथे उतरायला वाटच नाही. दोर विकणारा सांगतो तो आकडा गाठ मारल्यावर खरा राहत नाही, गाठीनं ताकद निम्म्यापर्यंत येऊ शकते. चेन ब्लॉक (साखळीनं ओढायची कप्पी) आणि टांगता क्रेनकाटा (ताण दाखवणारा वजनकाटा) एका दिवसासाठी भाड्यानं आणावा, प्रत्यक्षात मारणार त्याच गाठीचे तीन नमुने तोडून बघावेत आणि तो आकडा वहीत लिहावा. दर महिन्याला दोर बदलावा, उन्हानं तो न दिसता सडतो. त्याच जागी एक ओढताच सुटणारा हुकही असावा. भिंतीवर रंगाच्या तीन पट्ट्या: ९० सेंटिमीटरला हिरवी, १३० ला पिवळी, १७० ला लाल. पिवळीला पाणी लागलं की काठावरची सगळी माणसं वर, लालच्या आधी हुक मोकळा. परतीच्या पावसात हे जास्त पाळावं लागतं. ऑगस्टनंतर सगळे सैलावतात आणि ढग सप्टेंबरात फुटतो.

खडकवासल्याचा विसर्ग

ओढ्याच्या तोंडाशी आणखी एक गंमत होते, जी कागदावरच्या आराखड्यात सुचत नाही. खडकवासला धरणातून विसर्ग, म्हणजे सोडलेलं पाणी, वाढवला की मुठा फुगते, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीचं पाणी ओढ्यात मागे चढतं. तेव्हा ओढ्यावर पाऊस नसला तर प्रवाह थांबतो किंवा उलटा फिरतो. अडसर एका बाजूनं धरतो. पाणी उलटं फिरताच तोवर न उचललेला माल वर तरंगत जातो, भिंतीच्या फटींत आणि मोरीत बसतो, आणि नदी उतरताना एकदम परत येतो. विसर्गाची बातमी आल्याबरोबर कप्पा रिकामा करणं हा यावरचा खरा उपाय. शिवाय कप्प्याच्या तोंडाला वरच्या कडेनं बिजागरी असलेलं जाळीचं झाकण लावलं तर निदान आत आलेलं आतच राहतं.

कप्पा आणि माणसं

कप्पा म्हणजे ३ मीटर लांब, दीड मीटर रुंद वेल्डमेशचा (तारांच्या टणक जाळीचा) उघडा पिंजरा, पाण्यात ३० सेंटिमीटर. घनफळ १.३५ घनमीटर. ऐकायला बरंच वाटतं, पण बाटल्यांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे लिटरच्या साडेसातशे बाटल्यांत तो भरतो. मे महिन्यातल्या पहिल्या वळवाला आठ महिने काठावर साचलेलं सगळं एकदम खाली येतं. म्हणून अडसर एप्रिलअखेरीस तयार हवा आणि वळवाच्या दिवशी माणसं बोलावताक्षणी यायला हवीत. भरलेल्या कप्प्यामागे माल साचून थर जाड झाला की त्याचा तळ पट्टीच्या खाली जातो आणि तिथून गळती लागते. अडसर निकामी होण्याचं हे सर्वांत साधं आणि सर्वांत नेहमीचं कारण.

रोज सकाळी दोन माणसं, दोन तास. ३ मीटर दांड्याचं दाताळं, दोन घमेली, भोकं पाडलेली पोती. पाण्यात कुणीही उतरायचं नाही. हे सांडपाणी आहे आणि तळाशी काच आणि सुया असतात. जाड रबरी हातमोजे, गमबूट, धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं, आणि काम संपल्यावर साबणानं हात धुवायला स्वच्छ पाण्याचा वेगळा कॅन. ताप आला तर 'ओढ्यावर काम करतो' हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगायचं, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, विचार व्हावा म्हणून.

मजुरी किलोवर देऊ नये. किलोवर दिली की पोत्यात भिजलेल्या चादरी, नारळ आणि जलपर्णी येते, आणि हलक्या पिशव्या व वेफर्सची पाकिटं पाण्यात तशीच राहतात. मजुरी तासावर द्यावी. वेचणीसाठी कचरावेचकांच्या हाताची सर दुसऱ्या कुणाला नाही. पुण्यात 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा गोळा करते, आणि काय विकलं जातं हे त्यांना बोटांनी कळतं.

६ फूट बाय ६ फूट चाळणीवर दोन दिवस पसरून वाळवल्यावर वर्गवारी करायची. झाकणाच्या बाटल्या आणि धुतलेल्या दुधाच्या पिशव्या भंगारवाला घेतो. चमकत्या आतल्या थराची पाकिटं कुणीच घेत नाही. ती वेगळी गठ्ठ्यात, सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाण्यासाठी. डायपर आणि पॅड लाल ठिपक्याच्या (सॅनिटरी कचऱ्याची खूण असलेल्या) पाकिटात. पुलावरून टाकलेलं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट येतं. पिशवी फाडून फुलं खताला द्यायची. जलपर्णी काठावर टाकली तर पुन्हा रुजते, ती टेम्पोत भरून हलवावी लागते. एप्रिलमध्ये ओढ्यातून काढलेल्या गाळाचंही तेच. गाळाचा ढीग काठावर सोडला की त्यातल्या पिशव्या वळवाच्या पहिल्या सरीत परत ओढ्यात.

काय मोजायचं

ओलं वजन सांगू नये. पाकिटांच्या घड्यांत गाळ असतो, डायपर पाणी पिऊन फुगलेला असतो, आणि आकडा बातमीत छान दिसतो. आठवड्यातून एकदा एकच पोतं वाळवून, चाळून, नग मोजावेत: कुठल्या प्रकारचे किती.

अडसर किती धरतो हे वेगळं तपासायचं. नारिंगी रंग दिलेल्या, झाकण लावलेल्या ५० बाटल्या शंभर मीटर वरून सोडायच्या आणि तासाभरानं कप्प्यात किती आल्या ते मोजायचं. अडसराच्या खाली एक माणूस जाळं घेऊन उभा हवाच, निसटलेल्या बाटल्या नदीत जाऊ द्यायच्या नाहीत. ४५ पेक्षा कमी आल्या तर कोन आणि ढील तपासावी. पण ही चाचणी फक्त तरंगणाऱ्याची परीक्षा घेते. पॉलिथीन पाण्यापेक्षा हलकं असतं, बाटलीचं पेट मात्र पाण्याच्या १.३८ पट जड. झाकण नसलेली बाटली पाणी भरून बुडते आणि तळानं निघून जाते. ती अडसराच्या हिशेबात कधीच येत नाही.

मोजणीचा खरा उपयोग ओढ्याच्या वरच्या अंगाला होतो. सोमवारी कप्प्यात चहाचे कागदी कप ढिगानं आले तर रविवारी रात्री वर कुठल्या मंगल कार्यालयात लग्न होतं ते विचारायचं. काठानं दोन किलोमीटर चालत जावं, प्रत्येक मोरी आणि कचरा टाकायची प्रत्येक जागा कागदावर मांडावी, आणि कप्प्यातल्या मालाशी ताडून बघावी. राज्यातली प्लास्टिकबंदी २३ जून २०१८ पासून लागू आहे, पातळ पिशव्या तरी येतातच. पण त्या सगळीकडून सारख्या येत नाहीत. बहुतेक ओढ्यांत चार-पाच जागाच जास्त देतात, आणि तिथे घंटागाडीची वेळ बदलणं किंवा मोरीच्या कठड्यावर उंच जाळी लावणं अडसरापेक्षा स्वस्त पडतं.

वाळवलेल्या पोत्याच्या तळाशी मातीबरोबर नखाएवढे पांढरे त्रिकोण सापडतात. दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे. पोत्यात आले ते शेवाळाला किंवा चिंधीला चिकटून आले म्हणून, बाकीचे पट्टीच्या भोवऱ्यात सापडून खालून निघून गेलेले असतात. कोन, ढील, पट्टीची खोली, काहीही बदललं तरी ते थांबत नाहीत. ओढ्याकाठच्या चहाच्या टपऱ्यांवर आणि घरांत एवढंच सांगून ठेवावं लागतं: पिशवीचा कोपरा आरपार तोडू नका, अर्धा कापा आणि पिशवीलाच लटकत राहू द्या.